लोण्याचा हिशेब

मोलेच्या नाक्यावर पावती फाडताना
रक्षकाने विचारलं, "किती माणसं?"
"एकच," म्हटलं,
आणि उगाच मागे वळून पाहिलं.

ऑक्टोबर सरत आलेला.
जळवा आता संपल्या, असं दरवर्षी सांगतात.
एक निघालीच घोट्यापाशी;
रक्षकाच्या डबीतला चुना लावून सोडवली.
किंदळ तांबूस व्हायला लागला होता,
वर कुठेतरी शेकरू फळं कुरतडत होतं,
टरफलं माझ्या टोपीवर.

धनगरांच्या घरापाशी वाट थांबते.
अंगणाखाली कर्नाटकाचा टेंपो,
निळ्या प्लास्टिकात बांधलेली गाठोडी,
आणि ओट्यावर एक बाई, पट्ट्यापट्ट्यांचं आखूड वस्त्र कमरेला,
माझ्याआधी पोचलेली.
मला वाटलं, पर्यटक.
बमाबाय झोरे म्हणाली,
"पाव्हणी न्हय ती. आमची यांगझोम. लोण्याची."

मका काढून झाला की मुंडगोडहून निघायचं,
अनमोडचा घाट उतरायचा,
हणजुण्याच्या बाजारात चार महिने
फिरोजी मणी, घंटा, शाली मांडायच्या.
मधे एक दुपार इथे.
तीन किलो लोणी, म्हशीचं.
याकचं कसं लागतं
ते यांगझोमलाही ठाऊक नाही.

बमाबायच्याच रवीने तिने चहा घुसळला,
ताकाच्याच मडक्यात.
मी साखरेच्या तयारीने घोट घेतला.
मीठ!
जीभ दचकली, मग थांबली, मग
सावईवेऱ्याचा एक ताप आठवला,
पेजेवर तुपाचा डोळा
आणि आईचं "गिळ, चव मागून कळते."

विचारू नये ते विचारलं:
"तुमचे डोंगर फार उंच असतील ना?"
ती हसली. दोन दात सोन्याचे.
"माझे? मी चार नंबरच्या कॅम्पातली.
तिथे सगळं सपाट. हत्ती येतो, मका खातो.
बर्फ मी फ्रीजमध्ये पाहिला."
थोड्या वेळाने, कपाच्या तळाकडे बघत:
"आईने पाहिले होते.
या घाटाला ती शेवटपर्यंत डोंगर म्हणाली नाही.
म्हणायची, पायरी आहे.
बसा. दम खा."

गोठा आणि तुळस यांच्या मधोमध
अभयारण्याचा पांढरा दगड.
"गोठा आत, आम्ही भायर," बमाबाय सांगत होती,
"म्हशीक कागद वाचूंक येत नाय."
यांगझोम म्हणाली, तिचंही एक पुस्तक आहे,
फोटोचं, मुदतीचं,
दर खेपेला नवा शिक्का.
दोघी हे असं बोलत होत्या
जसं कुणी दुपारच्या उन्हाबद्दल बोलतं.
मी माझी पावती खिशात आणखी खोल सरकवली.

नात छिमे, नऊ वर्षांची,
कोंकणीतले फक्त आकडे येतात तिला,
बाजारात शिकलेली.
परतणाऱ्या म्हशी ती मोजत होती,
"सात, आठ, णव,"
आणि शेवटचीला न राहवून,
"फिक्स रेट!"

पैसे दिले-घेतले नाहीत कुणी.
निघताना विचारलं, तर बमाबायने
गोठ्याकडे बोट केलं.
तीन वर्षांनी एक स्वेटर, असा ठराव,
यांगझोमच्या आईच्या वेळेपासून.
लुधियानाच्या यंत्रावर विणलेला:
निळं आभाळ, खाली ओळीने
पांढरे, टोकदार डोंगर.
मोलेत डिसेंबरच्या पहाटे धुकं उतरतं
तेवढ्यापुरता अंगात, मग दोरीवर.

नवा आज आला.
जुना होता
परवा जन्मलेल्या रेडकाच्या अंगावर,
पुढचे पाय बाह्यांतून नीट काढलेले.
ते उठलं, धडपडलं,
पोटाभोवतीचे ते पर्वत सुरकुतले, सरळ झाले,
आणि आईला हुंगत हुंगत
पांढऱ्या दगडाला एक ढुशी देऊन
पलीकडे गेलं.