वरचा सेंटीमीटर

ब्रशला आठच केस ठेव, एस्किल, बाकीचे काप.
आणि टोक जिभेवर ओलं करू नकोस.
मी तेवीस वर्षं केलं. समुद्राचा तळ
मला मुख्यतः चवीने माहीत आहे.

आता भिंगातून बघ.
वाळू वाटते? थांब जरा.
नजर बसली की एकेका कणाला खोल्या फुटतात:
पहिली एवढीशी, मग तिच्याहून थोरली,
मग तिच्याहून, वळसा घेत घेत.
जन्मभर घर वाढवत राहिलेला
थेंबाहून लहान जीव.
डावीकडे वळलेले तेवढे उचल. ते आपले, थंडीतले.
उजवा दिसला तर मला हाक मार.
म्हणजे तो दक्षिणेकडून आलाय,
किंवा दक्षिणेकडचं पाणीच आलंय.

भिंत घालताना चुन्यात थोडं मॅग्नेशियम शिरतं.
पाणी उबदार तर जरा जास्त, गार तर कमी.
एवढंच. बाकी सगळं विद्यापीठाचं बोलणं.
त्यांना कुणी नोंद ठेवायला सांगितलं नव्हतं,
मिळेल त्या मालात घर बांधत होते बिचारे.

चाळीस झाले की दोन काचांत ठेव आणि दाब.
हो, फोडायचेच.
पहिल्यांदा सगळ्यांचा हात अडखळतो.
चौदा हजार वर्षं शाबूत राहिलेलं
अंगठ्याखाली कुरकुरतं,
गोठलेल्या गवतावर पहाटे कुणी पाय द्यावा तसं, फार लांबून.

मग धू. पाण्याने, अल्कोहोलने, पुन्हा पाण्याने.
खोल्यांत चिखल राहिला की चिखलाचं मॅग्नेशियम बोलतं
आणि ऐन हिमयुगात उन्हाळा येतो.
माझ्या हातून आला होता एकदा.
दोन महिने लोक त्या उन्हाळ्यावर भाषणं देत होते.
मी पुन्हा धुतलं. गेला.
त्या दिवशी केक मीच आणला,
सगळ्यांची तोंडं गोड करायला.

माझा बाप हागबार्ट, सेन्या बेटावरचा.
जाळं टाकण्याआधी उजवा मोजा काढायचा,
मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचा, आणि मोजायचा.
हात ठणकेपर्यंत किती झाले, ते वहीत.
एकोणीस. सतरा. एकदा मार्चमध्ये बावीस,
त्याखाली रेघ.
अंश त्याने कधी लिहिले नाहीत.
शेवटच्या वर्षांत आकडे चढत गेले,
तीस, छत्तीस, एक्केचाळीस.
समुद्र तापत होता
की बापाची बोटं मरत होती?

खात्याचा थर्मामीटर बंदरात आहे.
बाप बंदरात मासे मारत नव्हता.

म्हणून गेल्या वर्षी जहाज तिथे थांबलं
तेव्हा मी रात्रभर डेकवर होते.
नळी तळात घुसली, वर आली,
सहा मीटर राखाडी चिखल, सुरेख, अखंड,
फक्त वरचा सेंटीमीटर नाही.
नेहमीचंच आहे ते. नळी आदळते
आणि सगळ्यात मऊ, सगळ्यात ताजं
धुरळ्यासारखं उडून जातं.
मला बर्फ कधी वितळला ते सांगता येतं.
बाप खरं मोजत होता का, ते नाही.

काल दुपारी बाराला तो निळा उजेड पडला
तेवढ्यात मी धक्क्यावर उतरले. मोजा काढला.
पण माझीही बोटं आता त्रेसष्ट वर्षांची,
त्यातली निम्मी ॲसिडजवळ गेलेली.
तुझा हात नवा आहे.
येशील कामानंतर? आकडा मला सांगू नकोस,
वहीत लिही. पुढची पानं कोरीच आहेत.

चल, किती झाले? एकोणचाळीस?
अजून एक घे. तो नको, त्याच्या शेजारचा.
नाही, थांब.
ब्रश बाजूला कर.
मला बघू दे
तो कुठे वळलाय.