भिंगरीचा मास्तर

भिंगरी दहा महिन्यांची झाली
आणि तिला कुणाच्या हाती द्यायची हा प्रश्न
पोरीच्या शाळेपेक्षा जड गेला मला.
मुधोळची ती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
वाटेनं जाणारे थांबून विचारतात,
"खायला घालत नाहीस काय रे?"
शिकार बंद आहे, हे मला ठाऊक आहे, तिला नाही.
मला ती हवी होती उसात शिरलेली डुकरं हुसकायला,
आणि खरं सांगायचं तर
मोकळ्या माळावर पळताना नुसती बघायला.

आधी गेलो बेळगावात, कॅम्पात, नागोजी घाडींकडे.
पलटणीतनं उतरलेले हवालदार, बुटासारखी मिशी.
फी छापलेली. पिंजऱ्यांना ताजा चुना.
सात कुत्री एका शिट्टीत ओळीनं बसली.
मी खूश. पैशासाठी खिशात हात घातला,
तेवढ्यात घाडींनी डोकं खाजवायला हात वर केला
आणि सातही शेपट्या
एकदम पोटाखाली गेल्या.
"घरात विचारून सांगतो," म्हटलं.
चहा मात्र चांगला होता.

खानापुरात इनासच्या पोराकडे
बॅटरीचा पट्टा होता, हातात बटण.
म्हटलं, आधी माझ्या मनगटाला लाव.
भिंगरी बाहेर मोटारसायकलच्या सावलीत झोपलेली.
बोटं थरथरायची थांबेपर्यंत
तिला उठवली नाही.

लगमण्णा तळवाराचा पत्ता एका बकरी विकणाऱ्यानं दिला.
घटप्रभेच्या पलीकडं, जोंधळ्याच्या रानात, पत्र्याचं छप्पर.
पाटी नाही, शिट्टी नाही.
खाटेवर एक म्हातारी कुत्री पसरलेली.
तो आला तशी ती जरा सरकली, उतरली नाही.
उरलेल्या कडेवर तो बसला.
तिथंच माझं ठरलं होतं बहुतेक,
पण मी आणखी तासभर शहाण्यासारखे प्रश्न विचारले.

त्याला मराठी नाही. मला कानडी नाही, म्हणजे
पाटीवरची कानडी वाचायची नाही असं ठरवूनच
आम्ही मोठे झालो,
एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून.
सून त्याची निपाणीकडची. ती मधे उभी.

त्यानं भिंगरीचे पंजे बोटांनी उघडून बघितले,
कानाच्या आत हुंगलं,
आणि साखळीच काढून टाकली.
ती गेली. मी ये ये ये करत बांधापर्यंत धावलो,
ती ठिपका झाली, मग तेही नाही.
लगमण्णा तंबाखू मळत राहिला.
काहीतरी बोलला. सून पदराआड हसली.
"मामा म्हणत्यात, पळायचं ती पोटातनं शिकून आलीया.
परत यायचं तेवढं शिकवायचं.
आणि मालकानं गप बसायचं."

फी म्हणून पैसे, आणि दिवाळीला एक घोंगडं.
चार महिने. मधे दोनदा जाऊन आलो चोरून,
सायकलच्या रिमवर दोरी, दोरीला मेंढीचं कातडं,
रिम फिरवणारा नातू, आणि मागं वाऱ्यासारखी ती.
मला बघून शेपूट हलवली. कातडं सोडलं नाही.

आता घरात कानडी आहे.
कुंद्रु म्हटलं की बसते. निल्लु म्हटलं की थांबते.
बिडु म्हटलं की तोंडातली चप्पल सोडते, विचार करून.
"ये" म्हटलं तर एक कान हलवते,
उपकार केल्यासारखा.

परवा रात्री डुकरं पडली उसात.
भिंगरी शिरली. पानं वाजत वाजत
टेकाडाकडं सरकली, मग काहीच वाजेना.
बांधावर उभा राहून मी तोंडाशी दोन्ही हात धरले,
"बा! बा गं! बाऽऽ!"

पलीकडच्या रानातनं शटुप्पानं बॅटरी मारली.
"म्हातारा जाऊन सहा वर्सं झाली की रे,
आत्ता कुणाला हाक माराल्यास?"

सांगणार होतो, कानडीत त्याचा अर्थ ये.
तोवर अंधारातनं ओलं नाक
तळहाताला लागलं.
शटुप्पाची बॅटरी अजून
माझ्या तोंडावरच होती.