जवळपासची उपकरणं

रझिया बाजीचा फोन आला,
"सिद्राम, टीव्हीत मोबाईल घालून दे रे."
घालून दे, असंच म्हणाली,
पिशवीत वांगी घालावीत तसं.

मी उदगीरचा केबलवाला. होतो.
एकोणीस वर्षं या गावाच्या डोक्यावरून काळी वायर ओढली
लिंबाच्या फांदीवरून, उर्दू शाळेच्या पन्हाळीवरून,
पाण्याच्या टाकीला दोन वेढे देऊन.
कुणाच्या पत्र्यावर मिरच्या वाळतात,
कुणाच्या गच्चीवर भांडण वाळत घातलंय,
हे माझ्या तळपायांना ठाऊक होतं.
वानरं लोंबकळली तरी शिव्या मलाच.
वारं सुटलं की दारात माणसं,
"सिद्राम, मुंग्या आल्या रे पडद्यावर."

आता वायर नाही, मुंग्या नाहीत.
गच्चीच्या जिन्याला बाजीनं कुलूप घातलंय,
किल्ली कुठंय तिलाही आठवत नाही.

लेक शारजात. त्यानं नातीचा व्हिडिओ पाठवलाय.
पोरगी पहिल्यांदा उभी राहते,
तीन सेकंद, मग धपकन.
तेवढं तीन सेकंदांचं उभं राहणं
बाजीला भिंतीएवढं बघायचंय.

म्हणलं, आधी माझ्या फोनवरून तपासतो.
'शोधत आहे.'
गोल फिरला, फिरला,
मग यादी उतरली:
हॉल.
आयेशाचा स्पीकर.
मागल्या गल्लीतल्या डॉक्टरचं काहीतरी, अर्धंच नाव.
आणि सगळ्यात खाली,
बिरादार ४३.

माझ्या जुन्या वहीत तो नंबर चोपन्न.
नागनाथ बिरादार. अकरा महिने थकलेले.
मी ऐन पोळ्याला, घरात पाहुणे जेवत असताना
वर चढून त्याच्या वायरीला कटर लावलं.
तो अंगणात येऊन वर बघत राहिला,
हातात पुरणाची वाटी.
बोलला नाही.
अजून बोलत नाही. सतरा वर्षं
एकाच टपरीवर चहा पितो आम्ही
पाठीला पाठ लावून.

जुन्या कॅसेटी मागल्या साली मी फोनात उतरवल्या.
आपल्या केबलवर दाखवलेलं सगळं,
वाढदिवस, बारशी, कुस्त्या,
दोन हजार चारचं शाळेचं गॅदरिंग.
त्यात बिरादाराची कांचन.
मधल्या ओळीत, डावीकडून तिसरी.
नाच विसरते आणि शेजारणीकडं बघत बघत
हात वर करते, दरवेळी अर्धा ठेका उशिरा.
कांचन आता बीदरला. दोन लेकरं तिला.

बोट ठेवलं. उचललं.
ठेवलं.

भिंतीपलीकडं मालिकेतली सासू
बोलता बोलता थांबली.
त्याच्या पडद्यावर आता काय आलं असेल
हे मला इथं बसून दिसत होतं.
'सिद्राम केबल जोडू पाहत आहे. परवानगी द्यायची?'
खाली दोन चौकोन.
नाव बदलायचं राहूनच गेलं होतं फोनाचं.

"झालं का रे?"
"थांबा बाजी, समोरून यायलंय."
"समोरून म्हणजे कुठून? काय करलालास तू?"

त्याला रिमोट सापडत नसेल.
चष्मा शोधत असेल.
सुनेला विचारत असेल, हे काय आलंय.
किंवा काहीच करत नसेल,
तसाच वर बघत उभा असेल.

वायर असती तर कळलं असतं.
वायर हाताला सांगायची,
पलीकडं कुणी ओढतंय की नुसतं वारं आहे.

मग भिंतीतून हार्मोनियम.
फाटका माईक, आमच्या जोशी सरांचा,
"शांत बसा, मागची पोरं शांत बसा."
टाळ्या.
ठेका, आणि मला माहीत असलेला
तो अर्धा ठेका उशीर.

पलीकडून कुणीतरी आवाज वाढवला.
थोडा.
परत थोडा.

बाजी माझ्या तोंडाकडं, मग भिंतीकडं बघायली.
चहावर साय धरली होती.
"ते राहू दे शेजारचं," म्हणाली,
"माझी पोरगी कधी उभी करतोस?"