अर्धी गोळी

आमच्या त्या डब्यात बिस्किटं कधीच नव्हती.
झाकणावर एक कोरियन बाई कपबशी धरून हसायची,
आत उरलेल्या गोळ्या:
तीन माझ्या घशाच्या, दोन आईच्या दाढेच्या,
आणि लाल-पिवळ्या कॅप्सूलची पट्टी,
शेजारच्या ओयुंगेरेलने दिलेली,
विरजण द्यावं तशी, वाटीभर मायेने.

उलानबातरच्या उत्तरेला, जिथे डांबर संपतं
आणि फळ्यांची कुंपणं लागतात, तिथे आमचा तंबू.
उणे तीस. चुलीत कोळसा.
धूर वर जात नाही. बसतो,
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.

नोमिन खोकते.
बाबा पालथ्या हाताने तिचं कपाळ बघतात,
काखेत धरून उचलतात, हातानेच तोलतात.
"उन्हाळ्यातलं कोकरू एवढंच भरतं. अर्धी."
मांसाच्या सुरीने गोळी चिरतात.
चारशे मेंढ्यांना स्वतः सुई टोचलेला हात तो.
गुरांचा डॉक्टर तीन दिवसांच्या वाटेवर,
त्याची वाट बघणारा कळप घालवून बसतो,
हे त्यांना पाठ.
(पुढे एका हिवाळ्यात कळप गेलाच. सुया उरल्या.)

दवाखान्याची रांग पहाटे पाचला लागते.
मेडिकलवाली फक्त विचारते, "किती पट्ट्या?"

दुसऱ्या दिवशी ताप उतरतो.
उतरला की डबा बंद.
उरलेली अर्धी आई कागदात बांधते,
ती काहीच वाया घालवत नाही,
चहाचा चोथासुद्धा.

असं पाच वेळा त्या हिवाळ्यात.
मी मोजलं, कारण पाणी मीच द्यायचे.
आता वाटतं, त्यातल्या तीन वेळा तर
नुसता धूरच होता.
धुराला अँटिबायोटिक लागू पडत नाही.
पण म्हणून काहीच द्यायचं नाही,
हे आईला सांगून बघा,
रात्री दोनला, पोरीच्या छातीत शिट्टी वाजत असताना.

सहाव्या वेळी उशीवर कानातला पिवळा डाग.
अर्धी. उतरला नाही.
अख्खी. उतरला नाही.
लाल-पिवळी.
डब्याचा तळ दिसला, त्यावर गंजाचा एक गोल.

इस्पितळात डॉक्टर सोलोंगोच्या चष्म्यावर वाफ.
काय दिलं? कधी? किती?
आई म्हणाली, "काही नाही. गरम रस्सा."
बाबा हातातली टोपी फिरवत राहिले.
मी नऊ वर्षांची. डबा पिशवीत घालून आणला होता,
का, ते मलाही ठाऊक नव्हतं.
टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

ती ओरडली नाही.
एकेक रिकामी पट्टी उलटी करून
वाचत गेली, गावाकडचं पत्र वाचावं तशी,
लिहून घेत गेली.
मग म्हणाली, "यातलं आता चालेल असं वाटत नाही.
दुसरं शोधू."
त्या एका 'शोधू'वर आम्ही अकरा दिवस काढले.

नोमिन वाचली.
डावीकडून हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळते.
बाबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही,
फक्त त्या वसंतात सुरीला धार लावली नाही.

काल रात्री दार वाजलं. ओयुंगेरेलची सून,
कडेवर बाळ, तापाने फणफणलेलं.
"ती लाल-पिवळी आहे का हो? एकच."
आईने फळीवरून डबा काढला,
उघडून तिच्यापुढे धरला:
बटणं, रिबिनी, दोऱ्याची रिळं.
बाबा न बोलता गाडीकडे गेले.

असल्या थंडीत इंजिन तापायला वीस मिनिटं लागतात.
तेवढा वेळ बाळ आईच्या मांडीवर रडत होतं,
आणि आम्ही सगळे
त्याला काहीही न देता
बसून होतो.