वरची बिजागरी

पहाटे पाचला मेंढ्या बघायला निघालेल्या इद्वल आजोबांना
शानी फाटकावर अडकलेली दिसली.
पुढचे पाय रस्त्याच्या बाजूला,
मागचे कुरणाच्या चिखलात,
मधे पोटाखाली फाटक.
उड्या मारायची तिची रीत नव्हती.
पलीकडे हिरवं तरी काय होतं? वेल्समधला फेब्रुवारी,
दोन्हीकडे सारखंच करडं गवत,
सारखंच गोठलेलं दव.

तिने किती धडपड केली ते लोखंडावर दिसत होतं.
वरचा दांडा वाकला होता, त्यावर तिचे केस.
आता ती थांबली होती.
नाकातून वाफ, बाकी काही नाही.
आजोबा म्हणाले, शांत झाली.
मेरेरिद आत्या म्हणाली, शांत नाही, दमली.
दम परत आला की लाथा झाडेल.
पायांच्या बाजूला कुणी जायचं नाही.
आणि ओढायचं तर मुळीच नाही.

जीव टांगणीला लागणं
मी तोवर फक्त मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं होतं.

फाटक काढायचं, तशी साधी गोष्ट,
वर उचललं की बिजागरीतून निघतं.
आमचं निघत नाही.
चोरांच्या भीतीने आजोबांनी वरची खुंटी
उलटी बसवलेली, खाली तोंड करून.
अकरा वर्षांत चोर आला नाही.
आला असता तर त्या गंजलेल्या नटाला
कुणी एकदा हलवून तरी पाहिलं असतं.

शेजारचा गेथिन ग्राइंडर घेऊन धावत आला.
आत्याने त्याला लांबूनच थांबवलं:
ठिणग्या, आवाज, वेडा आहेस का?
मग पाना आणि तेल आणि आजोबांचे शिव्या देणारे ओठ,
ज्यांतून त्या दिवशी एकही शिवी मोठ्याने निघाली नाही.

माझ्या वाट्याला डोकं आलं.
आत्याने अंगातला कोट काढून शानीच्या डोळ्यांवर टाकला,
म्हणाली, तू बाजूला उभी राहा आणि बोलत राहा.
काहीही बोल. थांबू नकोस.
बारा वर्षांची मी. घोडीशी काय बोलतात?
आधी तिचं नाव घेतलं. मग सातचा पाढा म्हटला,
सात साते पन्नास म्हणून चुकले, ती काही बोलली नाही.
मग मेंढ्यांच्या कानातले नंबर, आठवतील तेवढे.
मग सगळं संपलं
आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं:
की काल बेरविनला ट्रेलरमध्ये चढवलं,
चौदा वर्षं तुझ्या शेजारी चरलेल्या बेरविनला,
तेव्हा तुला तबेल्यात नेऊन कडी घालायचं काम माझं होतं.
मी नाही नेलं.
रडताना कुणी बघू नये म्हणून घरात पळाले.

कोटाखाली तिचा एक कान फिरला.
माझ्याकडे की रस्त्याकडे, ते कळलं नाही.

त्रेगारोनहून डॉक्टर नॉन आली.
मानेत सुई, औषध जेमतेम:
पूर्ण झोपली तर सगळा भार पोटावर येईल,
नुसतं कशाचंच काही वाटेनासं व्हावं, एवढंच.
लटकत्या खुरांखाली गवताचे गठ्ठे रचले,
पाय टेकले तशी तिने एक लांब श्वास सोडला
आणि आम्हा सगळ्यांनीच सोडला.

सात वाजून दहा मिनिटांनी नट फिरला.
पाव फेरा. मग अर्धा.
आजोबांच्या बोटांतून रक्त येत होतं, त्यांना पत्ता नव्हता.
मग चौघांनी, लांबून, दोरांनी,
फाटक तिच्यासकट इंचाइंचाने खाली घेतलं.
ती कुशीवर पडली, पडून राहिली.
उठायची घाई करू नका, नॉन म्हणाली,
ते तिचं तिला ठरवू द्या.
वीस मिनिटांनी तिने ठरवलं.

मग ती दोन खांबांच्या मधे उभी राहिली.
फाटक नव्हतं. रस्ता मोकळा.
दोन्ही कान पुढे.
कुणी हाक मारली नाही तिला.
बराच वेळ बघितलं तिने,
मग वळली, आणि लंगडत पाण्याकडे गेली.

नव्या फाटकाची वरची खुंटी वर तोंड करून आहे.
चोर अजून आलेला नाही.
मार्चमध्ये सोबतीला एक गाढव आणलं.
महिनाभर शानीने त्याच्याकडे
ढुंकूनही पाहिलं नाही.