पाठ तिसरा

पहिल्या पाठात एक पार्टी होती.
पेला धरून कोपऱ्यात उभा एक माणूस,
आणि खाली प्रश्न : तुम्ही त्याच्या जागी असता तर?
मी लिहिलं, आमच्याकडे पार्टी नसते.
बारसं असतं, साखरपुडा असतो, तेराव्याचं जेवण असतं,
आणि कोपरा आधीच आजारी आत्यानं धरलेला असतो.

दोन दिवसांनी हिरेमठ मॅडमचा निरोप :
बरं झालं सांगितलंत.
मोबाइलवरची पार्टी गेली, पंगत आली.
"दुसऱ्यांदा भात मागून बघा.
मागण्याआधी भीती किती, शंभरात लिहा."
मी लिहिलं, ब्याण्णव.

आजाराचं नाव होतं सामाजिक चिंता.
मला वाटलं, कुणाचा तरी अग्रलेखच.
घरी काय म्हणता, त्यांनी विचारलं.
घरी तेलुगूत सिग्गु म्हणतात,
शाळेत लाजाळू म्हणायचे,
कारखान्यात मुकादम म्हणतो, मूग गिळलेत का बे.
पण जे होतं त्याला यातलं एकही बसत नाही.
होतं असं, की छातीत धोटा सुटतो.
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कापड मात्र वीतभर निघत नाही.
पुढच्या आठवड्यापासून पाठात छापून आलं :
धोटा सुटला की काय कराल?

"नजर भिडवा" हे त्यांनी स्वतःच खोडलं.
थोरल्या काकांशी नजर भिडवली असती तर
बरा होण्याआधी मी घराबाहेर.
"ठाम नकार द्या" पाशी दोघं अर्धा तास अडलो.
आमच्यात नाही कुणी म्हणतच नाही,
बघतो म्हणतात.
शेवटी ठरलं, बघतो म्हणायचं,
आणि तीन दिवसांत खरंच बघून सांगायचं.

एक रकाना मात्र भरेना.
"लोक तुमच्याबद्दल काय विचार करतील?"
माझ्याबद्दल कोण कशाला विचार करेल.
भीती ती नाहीच, मॅडम.
मी अडखळलो तर म्हणतील, येमूलांचं पोरगं असलं,
आणि धाकटीचं स्थळ दारातून परत जाईल.
त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या,
हे माझ्या पुस्तकात नाही, लिहून घेते.
चार लोक म्हणता ना, नावं सांगा त्यांची.
मी तिघांपर्यंत पोचलो.

आमच्यात दार लावून बोलायची सोय नाही.
खाली सहा माग, वर आठ माणसं.
म्हणून मी मागांमध्येच बसायचो,
कांड्यांच्या क्रेटवर, कानात वायर,
खडखडाटाची चार भिंतींची खोली करून.
जे बोलायचं ते ओरडून बोलायचं.
शेजारच्या मागावरच्या बापालाही कळत नाही.

त्या मंगळवारी मी ओरडत होतो,
मला माणसांची भीती वाटते,
आणि बरोबर "माणसांची" वर लाईट गेली.

सहाही माग जागच्या जागी.
"भीती वाटते" एकटंच पुढं गेलं,
उंबऱ्यावरून, गल्लीतून,
विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपांवरून
समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या टॉवेलांपर्यंत.
बापानं तुटलेला धागा शोधायला मान खाली घातली.
फोनमध्ये मॅडमचा श्वास तेवढा ऐकू येत होता.
शंभरात शंभर.

सूप मांडीवरून न हलवता
नागमणीअक्का म्हणाली,
"आरं, तुमच्याकडं पण गेली का?"

"गेली," मी म्हणालो.
फाटका निघाला आवाज, पण निघाला.
"पाणी तरी येतंय का आज?"
"उद्या. आज चौथाच दिवस."
"हं," म्हणाली, आणि पानात तंबाखू भरायला लागली.
एक बाई हसली.
कशाला, ते अजून माहीत नाही.

चौथं नाव नागमणीअक्काचंच लिहिणार होतो मी.

रविवारी गुर्रमांकडं बारसं आहे.
भात अजून मागायचा राहिलाय.