जादा ब्रेक

शारजात ऑगस्टमध्ये सकाळी सहालाच
गाडीतून उतरलं की चष्मा आंधळा होतो.
पुसायचा, पुन्हा बसायचं.
आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो
तिथे मी बसते, पायाशी एक जादा ब्रेक
आणि हातांना काहीच काम नाही.
नऊ वर्षं.

आज शर्वाणी खानोलकर. मूळच्या कुडाळच्या, तिसरा धडा.
राउंडअबाउटच्या तोंडाशी आरशात बघायचं सोडून
माझ्याकडे बघत म्हणाल्या,
तुम्ही त्याच ना, भावजयीच्या दुधात
काहीबाही मिसळणाऱ्या?

मिसळायचे हो. चार वर्षं, सोमवार ते शनिवार.
कराडच्या मंडईत एका म्हातारीनं
मला कोथिंबीर विकली नाही.
तुला नाही, म्हणाली, जुडी मागे ओढून.
ट्रॉफ्या कुठल्या खोक्यात आहेत आठवत नाही,
ती जुडी आठवते. दोऱ्याऐवजी केळीचा सोपट होता.

पण तो आवाज माझा नव्हता.
माझा घोगरा, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा.
दिग्दर्शक म्हणाले, बाईमाणसाचा वाटत नाही.
मग कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत
कुणी नीलाक्षी माझ्या हलत्या ओठांवर
स्वतःचा मध सोडत राहिली.
लोक घाबरले तिला, शिव्या मला.
मी घरीसुद्धा दबक्यानं बोलायला लागले,
दूधवाल्याशी, आईशी,
जसं उसनं काही तोंडात धरलंय, सांडेल.

मग फोन थांबले. मग मालिका.
मग इथे. ते कसं, ते लांबण आहे.

समोर बघा, म्हणेपर्यंत
डावीकडून पाण्याचा टँकर,
आणि मी ओरडले, ब्रेक!
पाय माझा, आवाज माझा,
खडे सगळे एकदम.
खजुराखाली झाडणारा माणूस
झाडू धरून तसाच उभा.

शर्वाणीबाई पांढऱ्याफटक.
स्टिअरिंग सोडवेना त्यांना.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या, अगो बाई,
हा आवाज तेव्हा असता
तर ती भावजय पहिल्याच भागात पळाली असती माहेरी.

हसले मी. घोगरंच.

चला, इंडिकेटर द्या.
त्यांनी वायपर लावला.
कोरड्या काचेवर तो करकरत राहिला
आणि हात लांब करून मी काही
तो लगेच बंद केला नाही.